डेऱ्याचे कळस आणि डेऱ्याचे तणावे

प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवराय आणि अफझलखान यांच्या भेटीत पहिला वार कुणी केला, कशाने केला, यावर मराठी माणूस आजही तावातावाने बोलतो. भेटीसाठी उभारलेल्या सदरेबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलते. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत तिला आवर्जून जागा दिली आहे. जरीचे बिछाने, मोती लावलेली सजावट, सगळा थाट पातशाही. खान आत आला, त्याने चौफेर नजर फिरवली आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शहाजीच्या मुलाकडे, वजिराच्याही नशिबी नसलेले हे सामान आले कुठून? शिवरायांचे वकील पंताजी गोपीनाथ यांनी शांतपणे उत्तर दिले: पातशाही माल पातशहाच्याच घरी जाणार आहे, त्याची एवढी काळजी कशाला? खानाचे समाधान झाले.

हा प्रसंग पुन्हा सावकाश वाचावा. शिवरायांनी ती सदर पाहुण्याचा मान राखायला उभारली नव्हती. समोरचा माणूस घाबरलेला आहे, लुटीचा माल परत करायला बसला आहे, आपण फक्त हात पुढे करायचा आहे, हे खानाच्या मनावर ठसावे म्हणून ती होती. बखरीतून हे वर्णन काढून टाकले तर खान सावधपणा का विसरला याचे अर्धे कारणच निघून जाते. कापड, जर आणि मोती इथे कथेतले पात्र होऊन काम करतात.

आणि तरीही असली वर्णने मराठी वाचक हमखास ओलांडून जातो. शाळेत शिकवताना, गॅदरिंगमध्ये पोवाडा म्हणताना, नाटकात, सिनेमात सगळ्यांना मिठीपाशी पोहोचण्याची घाई असते. जुन्या काव्यातला राजाचा डेरा, शामियाना, मंडप म्हणजे कवीने दम खायला घेतलेली जागा, अलंकारांचा भरणा, परीक्षेत न विचारला जाणारा भाग, अशी समजूत पक्की बसली आहे. ही समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे आपल्याच कथनपरंपरेतली एक अस्सल गोष्ट आपल्या नजरेतून सुटते: राजाच्या तंबूकडे जगभरच्या कवींनी तोंडात बोट घालून पाहिले, मराठी कथेने मात्र त्या तंबूचा सापळा केला आणि वेळ आली तेव्हा त्याचे तणावेही कापले.

आधी जगाचे पाहू. फिर्दौसीचा शाहनामा सुमारे १०१० साली पुरा झाला. त्यातला सोहराब किल्ल्यावर उभा राहून खाली पसरलेली इराणी छावणी न्याहाळतो. शेजारी हुजीर नावाचा कैदी आहे. सोहराब एकेक तंबू दाखवून विचारतो, हा कुणाचा? काळ्या कनातींचा, हत्तीच्या निशाणाचा डेरा तूसचा, तांबडा गोदर्जचा. मग तो एका हिरव्या तंबूकडे बोट करतो. तो रुस्तुमचा असतो, सोहराबच्या बापाचा. बाप शोधायलाच तो इथवर आलेला असतो. हुजीर खोटे बोलतो, चीनहून आलेला कुणी नवा सरदार आहे म्हणतो. पुढे बाप आणि मुलगा एकमेकांना न ओळखता लढतात आणि मुलगा मरतो. त्या महाकाव्यातली सर्वांत मोठी शोकांतिका तंबूंच्या रंगांच्या यादीवर उभी आहे. ही यादी कंटाळवाणी म्हणून कुणी गाळली, तर पुढच्या रडण्याला आधार राहत नाही.

युरोपात बाराव्या-तेराव्या शतकांत सिकंदराच्या कथा काव्यात बांधल्या गेल्या. फ्रेंच काव्यात आणि स्पॅनिश 'लिब्रो दे अलेक्सांद्रे'मध्ये सिकंदराच्या तंबूच्या कापडावर बारा महिने, ऋतू, अख्ख्या पृथ्वीचा नकाशा आणि जुन्या वीरांच्या लढाया रंगवलेल्या आहेत. राजा आत बसला की त्याच्याभोवती सगळे जग गुंडाळलेले. मारी द फ्रान्स या कवयित्रीच्या 'लांव्हाल'मध्ये एका परीचा तंबू येतो. त्याच्या टोकाला सोन्याचा गरुड, आणि त्याच्या एका पाखेची किंमतसुद्धा राणी सेमिरामिसला परवडणार नाही, असा कवयित्रीचा दावा. प्रत्यक्षातले राजेही मागे नव्हते. ११५७मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने सम्राट बार्बारोसाला भेट पाठवलेला तंबू इतका प्रचंड होता, की तो उभारायला यंत्रे लागत.

आपल्याकडे ही परंपरा त्याहून जुनी. कालिदासाच्या रघुवंशाच्या पाचव्या सर्गात अज राजकुमार इंदुमतीच्या स्वयंवरासाठी निघतो, कुठे, तर विदर्भाला. वाटेत त्याचे मुक्काम पडतात. त्या राजतंबूंत सोयी कुठून आल्या हे कालिदास आवर्जून सांगतो: आजूबाजूच्या गावकऱ्यांनी भेटी आणून दिल्या म्हणून रानातला मुक्काम बागेतल्या विहारासारखा झाला. माघाने तर शिशुपालवधाचा पाचवा सर्ग रैवतक पर्वतापाशी पडलेल्या यादवांच्या छावणीलाच देऊन टाकला. पण या सगळ्यांत बाणभट्टाला तोड नाही. हर्षचरित हे गद्य, तरी त्याच्या सातव्या उच्छ्वासातली पहाटेची निघण्याची गडबड कुठल्याही काव्याच्या तोडीची आहे. झोपलेल्यांना उठवले जाते, कनाती आणि पडदे गुंडाळले जातात, खुंट्या उपटून चामड्याच्या पिशव्यांत भरल्या जातात, हत्तींवर ओझी चढतात. आणि फौजेने पीक तुडवले म्हणून ओरडणारे शेतकरीही बाण विसरत नाही. सातव्या शतकातल्या दरबारी लेखकाने राजाच्या प्रवासाचे वर्णन करताना खुंटीची पिशवी आणि शेतकऱ्याची तक्रार नोंदवावी, याचा मराठी वाचकाला हेवा वाटायला हवा.

कवी फुगवून सांगतात, हा आक्षेप नेहमीचा. तो ऐकला की अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीकडे बोट दाखवावे. अकबराचा हा कारभारी कवितेसाठी लिहीत नव्हता, सरकारी खात्यांचा तपशील देत होता. त्याच्या हिशोबात बारगाह नावाचा मोठा तंबू आहे. त्यात १०,०००हून अधिक माणसे मावत. तो उभा करायला १,००० फरासांना, म्हणजे तंबू उभारणाऱ्या नोकरांना, यंत्रे वापरूनही एक आठवडा लागे, आणि जर-मखमल काही न लावलेला साधा बारगाह घेतला तरी त्याला १०,००० रुपयांहून अधिक खर्च येई. बादशहाच्या खासगी मुक्कामाभोवतीचे कुंपण म्हणजे गुलालबार, १०० गज लांब आणि तितकेच रुंद. एका मुक्कामाचे सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या. शिवाय ५०० बेलदार, १०० भिस्ती, ५० सुतार आणि १५० झाडूवाले. छावणीत रात्री वाट चुकू नये म्हणून ४० गज उंचीच्या खांबावर आकाशदिवा टांगत. तो खांब १६ तणाव्यांनी ताणून धरलेला असे. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात सतराव्या शतकातला मोगली 'लाल डेरा' आजही जपून ठेवला आहे, लाल मखमलीचा, जरीने भरलेला. टिपू सुलतानाचा छिटाचा तंबू वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात आहे. क्लाइव्हच्या घराण्याने तो काही काळ बागेतल्या मेजवान्यांना वापरला. कवी खोटे बोलत नव्हते.

हा सगळा थाट मराठी मुलखाने दुरून पाहिलेला नाही, तो उरावर घेतला. १६८१पासून १७०७पर्यंत औरंगजेब दख्खनेत होता आणि त्याची राजधानी म्हणजे त्याची छावणी. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी १६९५मध्ये कृष्णाकाठच्या गलगली इथे पोहोचला. छावणीचा घेर त्याने ३० मैलांचा सांगितला आहे, त्यातले तीन मैल एकट्या बादशहाच्या आणि शहजाद्यांच्या तंबूंचे, आणि बाजार २५०. त्याच वर्षी छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला हलली आणि तिथे चार वर्षे रुतून बसली. असे चालते शहर ज्या शिवारावर उतरे, तिथल्या कडब्याचे, विहिरीचे, झाडांचे काय होत असेल हे मराठी कुणब्याला कवितेतून समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून संताजी घोरपड्यांची गोष्ट मराठी मनात इतकी घट्ट बसली. संभाजी महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ची. त्यानंतर बादशहाच्या छावणीवर रात्री छापा घालून संताजी, विठोजी चव्हाण आणि त्यांच्या सोबत्यांनी खुद्द बादशहाच्या डेऱ्याचे तणावे कापले, वरचे सोन्याचे कळस काढून नेले, असे बखरी सांगतात. तंबू कोसळला. बादशहा त्या वेळी त्या डेऱ्यात नव्हता म्हणून वाचला. चव्हाणांना 'हिंमतबहाद्दर' हा किताब या पराक्रमासाठी मिळाल्याची परंपरा आहे.

या गोष्टीची रचना पाहण्यासारखी आहे. बखरकार बादशाही डेऱ्याचे कौतुक करत बसत नाही. त्याला त्यातल्या दोनच वस्तू हव्या आहेत: वरचा कळस आणि खालचा तणावा. डोळ्यांत भरणारा तो कळस, आणि कुणाचे लक्ष नसते तो तणावा. फारसी कवीने कळसाला सूर्याची उपमा दिली असती. मराठी कथेतला माणूस सुरी घेऊन तणाव्यापाशी वाकतो. सभासदाच्या सदरेत आणि संताजीच्या छाप्यात तीच नजर आहे. वैभव पाहून दिपायचे नाही, ते कशाच्या आधारावर उभे आहे ते पाहायचे. अज्ञानदासाच्या अफझलखानवधाच्या पोवाड्यातही सदरेची सजावट रेंगाळत येते, कारण ऐकणाऱ्याला पुढचे ठाऊक आहे. दाराशी येणाऱ्या खानाला ते ठाऊक नाही. श्रोत्यांच्या अंगावर काटा येतो तो या फरकाने. हा पोवाडा छापून सर्वांच्या हाती आला तो १८९१मध्ये, हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या संग्रहातून. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्याचे नाव आहे तोच हा ॲक्वर्थ, मुंबईचा महापालिका आयुक्त. परक्या अधिकाऱ्याने ज्या मजकुरासाठी शाहिरांच्या बाडांचा शोध घेतला, तो मजकूर गाताना आपण पाने गाळतो, याची खंत वाटते.

आता अशाच एका छावणीच्या वाटेवरच्या राणीसावरगावकडे वळू. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातले हे गाव, रेणुकादेवीचे म्हणून मराठवाड्यात ओळखले जाते. या गावाचा आणि राजेशाही डेऱ्यांचा काय संबंध, असे वाटेल. नकाशा उघडून लातूर जिल्ह्यातले उदगीर आणि जालना जिल्ह्यातले परतूर यांच्यामध्ये एक रेघ ओढावी. ती गंगाखेडच्याच मुलखावरून जाते. ३ फेब्रुवारी १७६०ला सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. मार्च महिन्यात पेशव्यांची मसलत बसली ती परतूरला, कागदपत्रांतले पडदूर किंवा पटदूर ते हेच. १९८१मध्ये जालना जिल्हा होईपर्यंत परतूर परभणी जिल्ह्यातच होते. तिथून जी फौज उत्तरेकडे निघाली ती पानिपतला पोहोचली. म्हणजे मराठेशाहीतली सर्वांत थाटाची छावणी या भागातल्या लोकांच्या पूर्वजांनी डोळ्यांदेखत पाहिली असणार. शाळेतल्या मुलांना पानिपत हरियाणात आहे एवढेच माहीत असते. त्याची सुरुवात आपल्या गोदावरीच्या खोऱ्यात झाली हे त्यांना कुणी सांगायला हवे.

त्या फौजेचे वर्णन ग्रँट डफने १८२६च्या आपल्या इतिहासात केले आहे. उंच, ऐसपैस तंबू, आतून रेशीम आणि बनातीचे अस्तर, वर दुरून चमकणारे सोनेरी कळस, हत्ती, निशाणे. आणि लगेच त्याने पूर्वीच्या मराठ्यांच्या साधेपणाशी तुलना केली. तेव्हापासून एक सोपा निष्कर्ष मराठी डोक्यात घर करून बसला आहे: मोगली थाट आला, चैन आली, म्हणून पानिपत झाले. हा निष्कर्ष सोडून द्यायला हवा. पानिपतावर फौज हटली नाही, उपाशी पडली. अब्दालीने दक्षिणेची वाट रोखली, डिसेंबर १७६०मध्ये रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि १४ जानेवारीला माणसे भुकेल्या पोटी मैदानात उतरली. रेशमी अस्तराने कुणी हरत नाही. दाण्यागोट्याची वाट तुटली की हरतात. तंबूच्या थाटाला दोष देऊन मोकळे होणे म्हणजे वर्णन न वाचताच त्याचा निकाल लावणे.

तरी साधेपणाची आठवण खरी होती, हेही मान्य केले पाहिजे. शिवरायांच्या लष्करात बायको, बटीक किंवा कलावंतीण बरोबर नेण्याची सक्त मनाई होती, हे सभासदच सांगतो. पहिल्या बाजीरावाने १७२७-२८च्या मोहिमेत जालन्यापासून खानदेशापर्यंत निजामाला पळवले. निजाम तोफा आणि बाडबिस्तरा सांभाळत मागे राहिला, पालखेडला कोंडला गेला, आणि ६ मार्च १७२८ला मुंगी-शेवगावला तह करून मोकळा झाला. तीच बाजीरावाची फौज, पण तिच्या तंबूंवर कुणी कवने केल्याचे कुणाला आठवत नाही. जिथे डेरा लहान तिथे कवीला विषय कमी, असे समजू नये. मराठीत छावणीवर लिहिलेला सर्वांत जिवंत मजकूर एका पत्रात सापडतो.

ते पत्र १६७३चे आहे. शिवरायांनी चिपळूण भागात पावसाळी छावणीला असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना ते पाठवले. दाणावैरण आताच उधळली तर पुढे पावसाळ्यात मिळणार नाही, मग घोडी मरतील आणि तुम्हीच मारली असे होईल, हे त्यात बजावले आहे. शिपाई उपाशी पडले की कुणब्याच्या घरून धान्य, भाजी, गवत उचलू लागतील, आणि मग रयतेला मोगलच बरे वाटतील, हेही त्यात आहे. पण सर्वांत विलक्षण आहे तो आगीचा तपशील. गवताच्या छपरांच्या छावणीत कुणी आगटी पेटवतो, कुणी तंबाखूचा विस्तव ठेवतो, कुणी रात्री दिवा तसाच जळत सोडून झोपतो. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि सगळी पागा बुडेल. राजा इतक्या जवळून पाहतो आहे. बारगाहाच्या वर्णनात १०,००० माणसे मावतात. या पत्रात एक उंदीर मावतो आणि सगळ्या छावणीचा जीव त्याच्या तोंडातल्या वातीवर टांगलेला असतो. बाणभट्टाच्या खुंट्यांच्या पिशवीला मराठीने दिलेले उत्तर कुठे असेल तर ते इथे आहे.

तणाव्यांचे आणि खुंट्यांचे हे ज्ञान राणीसावरगावसारख्या गावांतून अजून हद्दपार झालेले नाही. नवरात्रात, लग्नसराईत, हरिनाम सप्ताहात मंडप पडतो तो मंडपवाल्यांच्या आणि बिछायत केंद्रवाल्यांच्या हातांनी. बांबूऐवजी आता लोखंडी पाइप आले, कापडाच्या जागी बऱ्याच ठिकाणी ताडपत्री आणि नायलॉन आले. पण वारा कोणत्या बाजूने येतो ते बघूनच पाखे बांधायचे, त्या अंगाला तणावे जास्त ओढायचे, हे बदललेले नाही. काळ्या जमिनीत खुंटी कशी धरायची हा तर खास इथला प्रश्न. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, भेगेत ठोकलेली खुंटी पहिल्या वावटळीला वर येते. पावसाचा एक सडाका पडून गेला की तीच माती लोण्यासारखी होते आणि खुंटी कलते. म्हणून खुंटी तिरपी आणि खोल ठोकायची, वर दगड ठेवायचा, आणि मोठ्या मंडपाला एकीऐवजी दोन खुंट्यांवर तणावा विभागून द्यायचा. आत झालर, छताला चुण्या पाडलेले कापड, खाली सतरंजी, मधोमध स्टेज. वधूवरांच्या मागचा पडदा गावोगाव आजही बादशाही दरबाराच्या ढंगाचा असतो: लाल, सोनेरी काठाचा. मोगलांच्या काळी लाल रंगाचा डेरा बादशहाचा आणि शहजाद्यांचा मान होता. आज तो कुणाच्याही मुलीच्या लग्नात लागतो, आणि हे फार चांगले झाले.

गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. तिथल्या कवितेत जाते, दळण, गोवऱ्या आहेत, राजाचा शामियाना नाही. इथल्या वाचकाने दरबारी वर्णनांत का रमावे, असा प्रश्न कुणी विचारील, आणि तो विचारणाऱ्याचा हक्क आहे. उत्तर असे की ज्यांनी खुंट्या ठोकल्या, पाणी भरले, जमीन सारवली त्यांची नावे दरबारी कवीने लिहिली नाहीत, पण त्यांच्या कामाचा आकार त्याच्या वर्णनात उमटला आहे. १,००० फरास, १०० भिस्ती. ते शोधून काढायला जनाबाईच्या गावचा वाचक जास्त लायक आहे, कारण त्याला कामाची ओळख आहे. याच तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कारखान्याजवळ कोप्या घालून पाच-सहा महिने राहतात. कोपीत वारा कुठून शिरतो, चूल कुठे ठेवली तर आग लागत नाही, हे तिथल्या बाईला माहीत असते. १६७३चे ते पत्र तिला वाचून दाखवले तर त्यातला एक शब्दही समजावून सांगावा लागणार नाही.

मराठी काव्यातला हा धागा पुढे कुठे कुठे जातो, यावर काम व्हायला हवे. एकनाथांचे रुक्मिणीस्वयंवर १५७१चे. त्यातला विवाहसोहळा देवाचा असला तरी तो उभा राहतो पैठणच्या कवीच्या डोळ्यांपुढल्या सोहळ्यांवरून. एकनाथांचा नातू मुक्तेश्वर याच्या महाभारताची जी पर्वे उपलब्ध आहेत त्यांत सभापर्व आहे आणि सौप्तिकपर्वही आहे. एकात मयसभेचे वैभव, दुसऱ्यात झोपलेल्या छावणीत शिरलेला अश्वत्थामा. वैभव आणि त्याच्यावरचा रात्रीचा घाला, दोन्ही एकाच कवीच्या हातून, तोही संताजीच्या छाप्याच्या आधीच्या पिढीतला. पुढे उत्तर पेशवाईत अनंत फंदी, प्रभाकर, होनाजी यांच्या काळात शाहिराच्या नजरेत थाटाची गोडी शिरली. प्रभाकराने सवाई माधवरावांच्या रंगाचा सोहळा गायला. खर्ड्याची १७९५ची लढाई पोवाड्यांत आली. ही गोडी कमअस्सल मानायचे कारण नाही, पण तणाव्याकडे पाहणारी ती जुनी नजर तिथे किती उरली, हे तपासण्यासारखे आहे. पुण्यात पेशव्यांच्या तंबू-बिछायतीचे कोठार होते त्या जागेला लोक अजून फरासखाना म्हणतात आणि तिथे पोलीस ठाणे आहे. ग्वाल्हेरात शिंद्यांची छावणी १८१०च्या सुमारास कायमची बसली आणि तिचेच लष्कर नावाचे शहर झाले.

काम अवघड नाही. परभणीची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. तिथल्या मराठी विभागांनी बखरी, पोवाडे आणि आख्यानकाव्ये यांतली सदरेची, डेऱ्याची, छावणीची वर्णने एकत्र करावीत आणि टीपा लिहायला गावोगावच्या मंडपवाल्यांना बरोबर घ्यावे. पाख, चांदवा, कनात, राहुटी यांचा अर्थ शब्दकोशात अर्ध्या ओळीत मिळतो, पण त्यांतला कोणता कधी बांधतात, किती माणसे लागतात, वाऱ्यात कोणता टिकतो हे मंडपवालाच सांगू शकतो. शाहिरांनीही थोडे मनावर घ्यावे. रेणुकेच्या जत्रेत किंवा शिवजयंतीला अफझलखानवधाचा पोवाडा होतो तेव्हा सदरेचे कडवे गाळू नये, उलट सावकाश म्हणावे. श्रोते कंटाळतील ही भीती खोटी आहे. त्यांना पुढचे ठाऊक असते, म्हणूनच ते धीर धरून ऐकतात.

शिक्षकांसाठी तर हे आणखी सोपे आहे. सभासदाची बखर लहान आहे, एका बैठकीत वाचून होते. सदरेचा मजकूर त्यातले एक पानही भरत नाही. नववीच्या वर्गात तो मोठ्याने वाचायला पाच मिनिटे लागतील, आणि चिपळूणच्या छावणीचे पत्र लगोलग वाचले तर आणखी पाच. मग मुलांना एवढेच विचारावे की खान आत शिरल्यावर त्याचे लक्ष कशाकडे गेले, आणि कशाकडे गेले नाही.